महामार्गावरची वाहने मोजताना

शिकत असताना धुळ्याजवळ महामार्गाच्या कडेला बसून सलग सात दिवस, अहोरात्र, आळीपाळीने वाहने मोजण्याचे काम मी केले आहे. प्रत्येक वाहनामागे एक उभी रेघ आणि पाचव्या वाहनाला आधीच्या चार रेघांना छेदणारी तिरकी रेघ, अशी ती नोंद असे. देशातील महामार्गांवर वाहतूक किती, हा प्रश्न निघाला की मला तो तक्ता आठवतो.

राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे २ टक्के असून त्यांवरून सुमारे ४० टक्के रस्तेवाहतूक होते, असे नेहमी सांगितले जाते. आग्रा-मुंबई, सुरत-नागपूर-कोलकाता आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन महामार्ग जिथे एकत्र येतात, त्या धुळ्याच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. (यांपैकी दुसऱ्याच्या इथल्या भागाला ६ ऐवजी ५३ हा क्रमांक मिळाला, तरी आमच्याकडे तो अजून ‘सहा नंबर’च आहे.)

परंतु नुसत्या संख्येवरून रस्त्यावरचा ताण कळत नाही. म्हणून रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटारीला १ एकक धरून दुचाकीला अर्धे, ट्रक किंवा बसला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला साडेचार आणि बैलगाडीला तब्बल ८ एकके दिली. कारण संथ वाहन जागा तर अडवतेच, शिवाय मागच्यांना ओलांडण्याची संधी मिळेपर्यंत रखडवते. सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्याची दैनिक क्षमता याच मार्गदर्शिकेत १५,००० एकके धरली आहे, म्हणजे सगळे ट्रकच असतील तर अवघे ५,०००.

मोजणी वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या दिवसांत करावी, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कापूस बाजारात येऊ लागला की खान्देशातल्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रीघ लागते, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या आठवड्याच्या मोजणीत तिचा मागमूसही उरत नाही. त्यामुळे वाहनांच्या एकूण आकड्यासोबत त्यांचे प्रकार आणि मोजणीचा महिना छापलाच पाहिजे, असे माझे आग्रही मत आहे.

आमच्या तक्त्यात रात्री दोननंतर दुचाकींचा रकाना जवळजवळ कोरा राही, ट्रकांच्या रकान्यातल्या रेघा मात्र थांबत नसत. वाहनांची बेरीज दिवसापेक्षा पुष्कळ कमी भरे. एककांत मांडली की तो फरक बराच आटत असे.