पेटता दिवा कोणता भरावा आणि कोणता भरू नये

तेलाच्या दिव्याची रचना करणाऱ्याने सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे, हा दिवा पेटलेला असताना त्यात तेल घालता यावे की नाही. ज्योत किती मोठी, पितळ वापरावे की पत्रा, काच कोणत्या घाटाची, हे सगळे नंतरचे प्रश्न आहेत. माझे मत असे आहे की रॉकेलच्या दिव्याने पेटलेला असताना तेल घ्यायला साफ नकार द्यावा, आणि घटापुढच्या नंदादीपात मात्र काच न काढता, ज्योतीला धक्का न लावता तेल घालता यावे. बाजारात मिळणारे बरेच दिवे नेमके याच्या उलट वागतात.

रॉकेलच्या दिव्याची गोष्ट आता जुनी झाली असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. रेशनचे निळे रॉकेल जवळपास बंद झाले असले, तरी शेतातल्या आखाड्यावर आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांमध्ये चिमणी अजून पूर्णपणे गेलेली नाही. कोपीच्या भिंती उसाच्या पाचटाच्या, अंथरूण जमिनीवर, पोरेबाळे आजूबाजूला, आणि उजेडाला काय, तर औषधाची रिकामी बाटली, तिच्या झाकणाला पाडलेले भोक आणि त्यातून ओवलेली चिंधीची वात. बाटली उंच आणि हलकी असते, तिचा बूड अरुंद असतो आणि झाकण नुसते वर ठेवलेले असते. ती कलंडली की झाकण एकीकडे जाते, तेल दुसरीकडे पसरते आणि पेटती वात त्या तेलातच पडते. इथे वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाला दोष देण्यात काही अर्थ नाही, कारण अंधारात, जमिनीवर, मुलांच्या वावरात ठेवायच्या वस्तूला धक्का लागणारच, हे गृहीत धरूनच ती वस्तू घडवायला हवी होती.

या तेलाचा स्वभाव आपल्या हवामानात आणखी बिघडतो. ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळताच क्षणभर पेट घेते, ते तापमान रॉकेलच्या बाबतीत किमान ३५ अंश सेल्सिअस असावे, अशी भारतीय मानकाची अट आहे. ही अट युरोपातल्या थंड घरांत सुरक्षित अंतर राखून आहे असे वाटेल. परभणी किंवा नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली हवा त्याहूनही तापते, तेव्हा डब्यातले रॉकेल काही न करताच त्या मर्यादेजवळ किंवा तिच्या पलीकडे पोहोचलेले असते. म्हणजे अर्ध्या रिकाम्या टाकीत तेलावर जी पोकळी असते, तिच्यात पेटू शकेल अशी वाफ आधीच भरलेली असते. अशा टाकीचे तोंड ज्योतीजवळ उघडणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको. ज्या कॅनमध्ये कधीकाळी पेट्रोल होते त्याच कॅनमध्ये रॉकेल ठेवण्याची सवय तर फारच घातक आहे, कारण थोड्याशा पेट्रोलनेही ही मर्यादा कितीतरी खाली घसरते.

आता तेल ओतण्याची वेळ पाहा. चिमणीत तेल कधी घातले जाते, तर ती मंद होते किंवा विझते तेव्हा, म्हणजे रात्री, अंधारात, आणि बहुधा दुसरा दिवा जवळ धरून. यावर मला सर्वांत साधा उपाय टाकीच्या आकारातच दिसतो. लहान वातीला तासाला साधारण १० मिलिलीटर रॉकेल लागते असे धरले, तर १५० मिलिलीटरची टाकी अख्खी रात्र काढते आणि भरण्याचे काम आपोआप दिवसाउजेडी येते. टाकी मात्र उंचीने न वाढवता रुंदीने वाढवावी. रॉकेल तापले की फुगते, दर १० अंशांना सुमारे एक टक्का, म्हणून वर थोडी जागा मोकळी सोडावी लागते. ती कुठपर्यंत, हे दाखवणारी ठळक खूण बाहेरूनच दिसली पाहिजे. अपारदर्शक पत्र्याच्या चिमणीत ही सोय नसते आणि नरसाळ्यातून ओतताना तेल तोंडाबाहेर आले की मगच टाकी भरल्याचे कळते. पत्र्याच्या चिमणीची आणखी एक उणीव म्हणजे तिचे झाळलेले सांधे. कथील आणि शिसे यांची नेहमीची झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि तेल संपून वात कोरडी जळत राहिली तर नळीभोवतीचा सांधा तेवढा तापणे अशक्य नसते.

श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजया गोडाकुंबुरा यांनी याच बाटली-दिव्यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करता करता ‘सुदीपा’ नावाचा दिवा घडवला आणि त्यासाठी त्यांना १९९८ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्याचा आकार त्यांना मार्माइट या पावाला लावायच्या पदार्थाच्या बुटक्या बरणीवरून सुचला. जाड काचेची बसकी, जड बाटली; पडलीच तर घरंगळू नये म्हणून दोन बाजू सपाट; आणि आट्यांनी घट्ट बसणारे धातूचे झाकण, ज्यातून वात वर येते. पहिले दोन गुण कोणाच्याही डोळ्यांत भरतात, पण मला तिसरा अधिक मोलाचा वाटतो. भरण्याचे तोंड आणि वातीचे झाकण एकच असल्यामुळे, आणि ते फिरवूनच काढावे लागत असल्यामुळे, पेटलेल्या अवस्थेत तेल घालण्याचा मोहच होत नाही. तापलेले झाकण कोण फिरवणार? नुसत्या वर ठेवलेल्या झाकणाच्या चिमणीत मात्र पेटती वात चिमटीने उचलून खाली तेल ओतणारी माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

आपला कंदील या बाबतीत अर्धाच शहाणा आहे. त्याची टाकी खाली आणि रुंद असते, काच वाऱ्यापासून आणि पदरापासून ज्योतीला दूर ठेवते, आणि भरण्याचे बूच टाकीच्या खांद्यावर वेगळे असते, त्यामुळे बर्नरला हात न लावता तो स्वच्छपणे भरता येतो. मात्र याच सोयीमुळे तो पेटलेला असतानाही भरता येतो, आणि बूच उघडताच वर सांगितलेली वाफ तापलेल्या काचेपासून वीतभर अंतरावर बाहेर पडते. दिवा पेटवण्यासाठी काच उचलणारी दांडी आणि हे बूच एकमेकांत असे गुंतवता आले असते की काच वर केल्याशिवाय बूच फिरणारच नाही. काच वर झाली की वाऱ्याने ज्योत बहुधा जाते. घरगुती कंदिलात अशी रचना माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

नंदादीपाचा प्रश्न मुळातच निराळा आहे, कारण तिथे दिवा विझवून भरा असे म्हणताच येत नाही. घटस्थापनेला लावलेला दिवा दसऱ्यापर्यंत तेवत राहिला पाहिजे, ही अट आधी आणि रचना नंतर. सुदैवाने तिथले तेल सौम्य असते. खाद्यतेलाची वाफ पेट घेण्यासाठी तेल २५० अंशांच्याही पुढे तापावे लागते, त्यामुळे पेटत्या दिव्यात गोडे तेल घातल्याने भडका उडत नाही. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. सांडलेले तेल कापडात किंवा कापसात मुरले की ते कापडच वात होते आणि मग तेल कोणते, याला फारसे महत्त्व उरत नाही.

घट्ट तेलाची खरी अडचण वातीत आहे. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल रॉकेलपेक्षा कितीतरी पटींनी, ढोबळमानाने तीसेक पटींनी, दाट असते. ते वातीतून वर चढत नाही असे नाही, पण इतक्या सावकाश चढते की ज्योत आणि तेलाची पातळी यांत बोटभर अंतर पडले की पुरवठा मागे पडतो, वातीवर काजळी धरते आणि ज्योत आक्रसते. म्हणूनच पणतीपासून समईपर्यंतच्या आपल्या सगळ्या दिव्यांत तेल पसरट वाटीत, ज्योतीच्या अगदी खाली असते. युरोपातही जाड तेलाच्या काळात हाच पेच होता. आर्गां या स्विस संशोधकाने १७८० च्या सुमारास केलेल्या प्रसिद्ध दिव्यात तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला, उंचावर बसवलेली होती, आणि १८०० मध्ये कार्सेल या फ्रेंच घड्याळजीने तर तळातले तेल वर चढवण्यासाठी दिव्यात घड्याळाच्या यंत्रावर चालणारा पंप घातला. पुढे पातळ रॉकेल आले आणि या खटाटोपाची गरज संपली. आपल्या नंदादीपाला मात्र तेच जुने गणित आजही लागू आहे.

पसरट वाटी म्हणजे कमी साठा, आणि कमी साठा म्हणजे वारंवार भरणे. बाजारात हल्ली पितळी वाटी आणि त्यावर उंच काच अशा घाटाचे अखंड दिवे मिळतात. काच बसवण्यामागचा हेतू योग्य आहे. घटावर रोज एक याप्रमाणे माळा चढतात, त्या वाळत जातात, काही घरांत कडाकण्यांचा फुलोरा वर टांगलेला असतो, आणि उंदीर तेलाच्या वासाने पेटती वातच ओढून नेतात ही जुन्या माणसांची तक्रार काही कल्पित नाही. परंतु तेल घालायचे झाले की ही तापलेली काच फडक्याने धरून उचलावी लागते, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली, आणि हे सगळे वाळलेल्या माळांच्या खाली वाकून. दिवसभर सुरक्षित असणारा दिवा भरण्याच्या त्या मिनिटात असुरक्षित होतो.

आमच्या घरच्या नंदादीपासाठी मी जी रचना करून घेतली आहे ती अगदी साधी आहे. वाटीच्या तळाशी एक आडवी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, ज्योतीपासून वीतभर अंतरावर, वाटीइतक्याच उंचीचा एक उभा पेला. पेल्यात तेल ओतले की ते नळीतून वाटीत जाते आणि दोन्हीकडची पातळी सारखी होते; काचेला हात लावावा लागत नाही, आणि वाटीत किती तेल आहे हेही पेल्यात डोकावून कळते. तेल दाट असल्याने नळी बोटाएवढी रुंद हवी. ती सरळही हवी, आणि याचे कारण आपल्याकडच्या करडईत आहे. मराठवाड्यात करडईचे तेल घरोघरी असायचे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाणही दिले, पण हे तेल हवेशी संपर्क आला की हळूहळू चिकट होऊन वाळते, रंगाच्या धंद्यात त्याला मागणी असते ती याच गुणामुळे. वाकड्या नळीत ते थर धरते आणि काढता येत नाही. सरळ नळीच्या टोकाला आट्यांचे बूच ठेवले की दसऱ्यानंतर गरम पाणी, राख आणि कापडाचा बोळा यांनी ती साफ होते. शेंगदाण्याचे तेल या बाबतीत कमी त्रास देते.

अनेकांनी मला उलट्या बाटलीची कल्पना सुचवली आहे. बाटली तेलाने भरून वाटीत उपडी धरायची, म्हणजे पातळी तोंडाखाली गेली की आत हवा शिरते आणि तेवढेच तेल बाहेर येते. तत्त्व बरोबर आहे आणि पातळी कायम एकसारखी राहते हा त्याचा मोठा गुण आहे. अडचण आतल्या हवेची आहे. आश्विनात आपल्याकडे पहाट आणि दुपार यांच्या तापमानात १२ अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने हवा सुमारे चार टक्के फुगते. अर्धा लिटरची बाटली निम्मी रिकामी झाली असेल, तर आतली २५० मिलिलीटर हवा दुपारपर्यंत जवळपास १० मिलिलीटर तेल बाहेर ढकलते, आणि बाटली ज्योतीजवळ असेल तर त्याहून अधिक. वाटीच्या काठाशी तेवढी मोकळी जागा ठेवली नसेल, तर घटाखालची पत्रावळ आणि लाल कापड तेलात भिजते. त्यामुळे ही बाटली लहान आणि ज्योतीपासून दूर ठेवता येत असेल तरच वापरावी.

तेल सांडण्याचे आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. वातीचे बाहेरचे टोक वाटीतल्या तेलाच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असेल, तर ती वात स्वतःच तेल ओढून थेंबाथेंबाने खाली टाकत राहते. समईची चोच वर उचललेली असते ती यासाठीच, आणि तरीही खाली तबक ठेवावे लागते. वात काठावर नुसती टेकवण्याऐवजी मध्ये उभ्या नळीत धरली तर हा थेंब वाटीतच परततो, आणि उंदरालाही ती सहज ओढता येत नाही. वात बदलण्यासाठी शेजारी दुसरी रिकामी नळी असावी, म्हणजे नवी वात पेटल्यावरच जुनी काढता येते.

शेवटचा मुद्दा बैठकीचा. रॉकेलची टाकी तळाशी असल्यामुळे ती भरलेली असताना दिवा अधिक स्थिर असतो. समई आणि उंच नंदादीप यांचे तेल वर असल्यामुळे ते नुकतेच भरलेले असताना सर्वांत डळमळीत असतात. पितळ किलोवर विकले जाते, म्हणून दिवा स्वस्तात बसवायचा तर बैठक पातळ आणि पोकळ केली जाते. ती पोकळी चाळलेल्या वाळूने भरून खालून पत्रा झाळून घेतला, तर थोडक्या खर्चात दिव्याचे वजन योग्य जागी वाढते. विकत घेताना वाटीत काठापर्यंत पाणी भरून दिवा बाजूने हळूहळू कलता करून पाहावा. तीस अंशांपर्यंत कलूनही जो सोडल्यावर पुन्हा उभा राहतो तोच घ्यावा, आणि दुकानदार तशी परवानगी देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे.