बोलणं शिकवता येतं

इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तेव्हा सगळ्यात आधी शिकवलं ते रुग्णाला आपलं नाव सांगायला. यामागे केट ग्रेंजर आहेत. त्या स्वतः डॉक्टर, आणि कॅन्सरच्या रुग्णही. 2013 मध्ये भरती असताना त्यांच्या लक्षात आलं, की कितीतरी कर्मचारी आपण कोण हे न सांगताच उपचार करून जातात. त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या, पण मोहीम देशभर पसरली.

मला सर्वांत भावला तो नटांसोबतचा सराव. नट रुग्णाचा मुलगा होतो. आईचा आजार बरा होणार नाही, हे त्याला सांगायचं असतं. तो चिडतो, रडतो, अंगावर येतो. प्रशिक्षक मध्येच थांबवतात: “पुन्हा. आधी खुर्ची ओढून बसा.” बसून बोललं, की समोरचाही शांत होतो. मग सांगून झाल्यावर गप्प राहायचं. हे गप्प राहणं भल्याभल्यांना जड जातं.

तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातली, आमच्या ब्रह्मपुरीकडची धान खरेदी केंद्रं आठवतात. “ऑनलाइन नोंद दिसत नाही, मग या,” की लगेच पुढच्याला हाक. सातबारा घेऊन आलेल्या काकांना चूक कुठे, ती कोण दुरुस्त करेल, कळतच नाही. टेबलामागच्या पोरावर माझा राग नाही. गर्दी अफाट, नेट बंद, वरून साहेबांची बोलणी. शिकवायचं तर साहेबांपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे आपल्याकडे जमतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि त्याबद्दल बोलायला शिकवलं. मदतीपर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

नट तर आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, गावोगावी आहेत! दिवाळीनंतर वडसाच्या नाटक मंडळ्यांना दम खायलाही फुरसत नसते, पण पावसाळ्यात कलाकार घरी असतात. धानाची रोवणी आटोपली की मी सुटीवर येतेय, असाच सराव इथे घ्यायला. आमच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताई तयार आहेत, दोन कलावंतांनीही होकार दिलाय. एक चिडलेला बाप होईल, दुसरी पहिलटकरणीची सासू. संवाद आपल्याच बोलीत: “बसा जी मामा, का झाला सांगा.” खरेदी केंद्रातल्या पोरांनाही बोलावलंय. साहेबांना निरोप धाडलाय.