रिगाचा पोर्टर, बेळगावच्या थंडीत

माझा भाचा लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगा शहरात शिकतो. जानेवारीत तो बंगळूरमार्गे टिळकवाडीतल्या आमच्या घरी आला, तेव्हा स्वेटरांच्या घड्यांत गुंडाळलेल्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या त्याने माझ्यापुढे मांडल्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते, त्यामुळे निवड विचार करूनच करावी लागली होती. चारही बाटल्या आल्दारिस या एकाच बिअर कारखान्याच्या होत्या : एक गाइशाइस, एक झेल्टा आणि दोन पोर्टेरिस. लॅटव्हियन भाषेत गाइशाइस म्हणजे फिकट, झेल्टा म्हणजे सोनेरी आणि पोर्टेरिस म्हणजे पोर्टर, ही काळ्या रंगाची बिअर. आल्दारिस या शब्दाचा अर्थ बिअर तयार करणारा असा आहे.

हा कारखाना रिगाच्या सार्कनदाउगावा भागात १८६५ साली सुरू झाला. त्या काळी शहराच्या व्यापारावर जर्मन भाषकांचा पगडा असल्याने त्याचे नावही वाल्डश्लोसखेन, म्हणजे रानातला छोटा वाडा, असे जर्मन होते. आल्दारिस हे लॅटव्हियन नाव त्याला १९३७ साली मिळाले. पुढे सोव्हिएत राजवट आली आणि गेली, आणि आज तो कार्ल्सबर्ग समूहात आहे. एवढ्या मोठ्या कारखान्याची बिअर म्हटली की अनेक रसिक चव घेण्याआधीच नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हजारो बाटल्यांची चव एकसारखी राखणे हेही कसबच आहे, आणि ते पारखायचे तर प्रत्येक प्रकार त्याला मानवणाऱ्या तापमानालाच प्यायला हवा.

गाइशाइस आणि झेल्टा आम्ही पहिल्याच संध्याकाळी, फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी उघडल्या. दोन्ही लागर, म्हणजे थंड जागी सावकाश आंबवलेल्या आणि नंतर आठवडे न आठवडे गारव्यात मुरू दिलेल्या. गाइशाइसचा रंग नितळ, फेस पांढरा आणि चव कोरड्या पावाच्या कडेसारखी होती. शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर क्षणभर राहिला आणि गेला. झेल्टा तिच्याहून थोडी भरीव आणि गोडसर लागली. तिच्या वासात किंचित शिळेपणा जाणवला खरा, परंतु इतका लांबचा प्रवास आणि वाटेतला उकाडा सोसलेल्या फिकट बिअरवर त्यावरून शेरा मारणे अन्यायाचे ठरेल. सोबत कांदा-मिरची घातलेले चिरमुरे होते आणि ती जोडी उत्तम जमली.

पोर्टेरिसची गोष्ट वेगळी आहे. अठराव्या शतकात लंडनचा काळा पोर्टर जहाजांनी बाल्टिक किनाऱ्यावर आणि रशियात जाई. तिथल्या कारागिरांनी तो स्वतः करायला घेतला आणि पुढे लागरचे यीस्ट वापरून थंडीत आंबवायला सुरुवात केली. त्यातून बाल्टिक पोर्टर हा स्वतंत्र प्रकार घडला. आल्दारिसच्या पोर्टेरिसमध्ये मद्यार्क ६.८ टक्के आहे. त्याचा काळेपणा येतो तो भाजलेल्या माल्टमधून. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व काढतात. तेच सातूच्या बाबतीत केले की माल्ट होतो, आणि तो कमी-अधिक भाजला की रंग आणि चव दोन्ही पालटतात.

पहिली बाटली उघडताना मी चूक केली. "मामा, एवढी गार नको, जरा बाहेर राहू दे," असे भाचा सांगत असताना मी ती थेट फ्रीजमधून पेल्यात ओतली. पाच अंशांच्या आसपास तिला वास म्हणून नव्हता. जिभेवर फक्त जळकट कडवटपणा आणि गारठा. आपल्याकडच्या अनेक हॉटेलांत बर्फात ठेवलेल्या पेल्यातून बिअर देतात, त्यामुळे बिअर म्हणजे गारढोण हेच आपल्या अंगवळणी पडले आहे. मी पेला तसाच अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला. जानेवारीच्या रात्री बेळगावात पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, म्हणजे पेला सावकाशच तापतो. दही लावताना वापरायचा थर्मामीटर मधूनमधून बुडवत बसलो. आठ अंशांना कोको जाणवू लागला. बाराच्या पुढे गेल्यावर मात्र पेल्यातून जो वास उठला, तो मला लहानपणापासून ओळखीचा होता : निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आला की येतो तो, ताज्या काकवीचा. त्यामागून मनुका आणि भाकरीच्या करपल्या पापुद्र्याचा खरपूसपणा. घोट जाडसर, रेशमी. गोडी आधी येते आणि कडवटपणा तिला वेळेवर आवरतो. ६.८ टक्क्यांचे मद्य घशाला कुठेच बोचले नाही, ही सावकाश मुरवण्याची किमया. उणे सांगायचे तर फेस लवकर बसला आणि शेवट मला आणखी थोडा लांब हवा होता.

दुसरी बाटली तीन दिवसांनी, यावेळी अर्धा तास आधी बाहेर काढून उघडली आणि सोबत बेळगावचा कुंदा ठेवला. कुंद्याचा तपकिरी रंग दूध आणि साखर मंद आचेवर परतत राहिल्याने येतो, म्हणजे दोन्हीकडे किमया भाजण्याचीच. म्हणून ही जोडी मुद्दाम करून पाहावीशी वाटली. कुंद्याची चिमूट जिभेवर ठेवून वर घोट घेतला, तर पोर्टरची गोडी मागे सरली, कॉफीसारखी बाजू पुढे आली आणि कुंद्याचा तुपकटपणा साफ धुऊन निघाला. चिरमुऱ्यांबरोबर मात्र तीच पोर्टेरिस उग्र लागली. हिरवी मिरची आणि भाजका कडवटपणा एकमेकांना उठवतात. पुढच्या खेपेला फिकट बाटल्या आणू नकोस, त्यांची खरी चव रिगातच, ताजी असताना घ्यायची. चारही पोर्टेरिसच आण, असे मी भाच्याला सांगून ठेवले आहे.