तेरावा झाल्यावर मागे राहिलेल्या माणसासाठी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मंडप सुटतो, भाड्याची भांडी परत जातात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे एकेक करून निघतात. सातारा जिल्ह्यात पोरं बाहेर नोकरीला असलेली घरं गावोगाव आहेत. त्यामुळे मागे राहतात ती आई किंवा वडील, तेही बहुतेक वेळा एकटे. पहिले तेरा दिवस कसे काढायचे ते रीतीने ठरवून दिलेलं आहे: सावडणं, माहुलीच्या संगमावर दहावा, जेवण कोणी आणायचं, रात्री सोबतीला कोणी झोपायचं. त्यापुढचं मात्र कोणीच ठरवलेलं नसतं. पाहुणे घरात असतानाच ते ठरवावं.

सगळ्यात आधी औषधं बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या या गडबडीत चुकतात, आणि त्याहून धोक्याचं म्हणजे गोळ्या चालू राहतात पण जेवण सुटतं. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेतलं आणि पोटात काही नसलं, तर शुगर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. घरचे म्हणतात, ‘दुःखानं चक्कर आली.’ अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. छातीत दुखणं किंवा धाप लागणं हेही ‘दाटून आलंय’ म्हणून सोडून देऊ नये. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराचा धोका खरोखर वाढलेला असतो. ईसीजी काढून घ्या.

भूक लागण्याची वाट बघू नका, ती आठवडेच्या आठवडे लागत नाही. ताटभर जेवणाचा आग्रह केला की माणूस ताटच सरकवतो. त्यापेक्षा दर तीन तासांनी थोडं द्यावं: वाटीभर मुगाची खिचडी, ताकात कुस्करलेली भाकरी, एखादं केळं. मूत्रपिंडाचा किंवा शुगरचा आजार असेल तर त्याचं पथ्य सांभाळून. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर कप-कप चहा होतो आणि तोच जेवणाची जागा घेतो. दुपारी चारनंतरचा चहा बंद केला तर रात्रीच्या झोपेलाही मदत होते.

झोपेच्या बाबतीत एक चूक फार घरांत होते. शेजारच्या कोणाची तरी अल्प्राझोलाम ही झोप आणणारी गोळी ‘निदान आज तरी झोप लागू दे’ म्हणून दिली जाते. दोन-तीन आठवड्यांत शरीराला तिची सवय लागू शकते, मग एकीवर भागत नाही. नेहमी घेऊन एकदम बंद केली तर थरथर, घबराट, कधी झटकेसुद्धा येतात. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतो आणि खुबा मोडतो. दारूबद्दलही तेच: तिने झोप लागते, पण पहाटे तीनला उघडते. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दिवसा झोप आलीच तर अर्धा तास, तीही दुपारी तीनच्या आत. सकाळी अर्धा तास उन्हात चालणं झालं पाहिजे. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने, गावात असाल तर शेताकडे.

दाराशी गाडी थांबल्याचा आवाज येतो, नावाने हाक ऐकू येते, ठरलेल्या वेळी खोकला ऐकू येतो. पहिल्या काही महिन्यांत हे पुष्कळांना होतं आणि ते वेड नव्हे. त्यासाठी देवऋषी गाठायची गरज नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे आणि मोबाईल यांची घाई करू नका. कपडे लगेच वाटून टाकले आणि मागे राहिलेल्याला विचारलंही नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं मनात राहते. मोबाईलचं रिचार्ज चालू ठेवा, कारण बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात. शिवाय काही महिने वापर नसला की नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जातो. फोटो आणि आवाजाचे मेसेज आधीच दुसरीकडे उतरवून घ्या.

कागदपत्रांचा ताण मोठा असतो, म्हणून तो वाटून घ्यावा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्यायच्या. जमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. ही कामं मुलाने किंवा पुतण्याने अंगावर घ्यावीत, पण सही करणाऱ्या माणसाला प्रत्येक कागद वाचून दाखवावा. हिश्शाची बोलणी मात्र तेराव्याच्या पंगतीत काढू नका.

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून निघून गेलात तर कोणीही काही सांगत नाही. ‘आक्का, मंगळवारी दुपारी डबा घेऊन येतो, तासभर बसतो’ असं म्हणा आणि खरंच या. भावकीतल्या चार घरांनी आठवड्याचे वार वाटून घेतले तर कोणावरच भार पडत नाही. आल्यावर समजूत घालायची गरज नसते. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल बोलू द्या. आणि बाई मागे राहिली असेल तर तिचं कुंकू, बांगड्या, जोडवी यांना कोणी हात लावणार नाही एवढं बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. आधीच कोसळलेल्या बाईचं दुःख आपल्याच हातांनी वाढवण्याला कुठलीच रीत म्हणता येत नाही.

लहान मुलांना ‘आजोबा झोपलेत’ असं सांगू नका, ती झोपायलाच घाबरतात. ‘आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत’ असं सरळ सांगा. मुलं तेच तेच विचारतील. दरवेळी तेच उत्तर द्या.

दुःख लाटांनी येतं. दिवाळी, महिन्याची तिथी, लग्नाचा वाढदिवस यांच्या आधीचा आठवडा बहुधा सगळ्यात जड असतो, तेव्हा एखाद्याने मुक्कामाला यावं. कालांतराने दोन लाटांमधलं अंतर वाढू लागतं. ते वाढत नसेल, सहा महिने उलटूनही रोज तीच तीव्र ओढ असेल, घरचं-बाहेरचं काही जमत नसेल, तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला वेगळं स्थान आहे, आणि त्यावर बोलून करायचे उपचारही आहेत.

‘आता मी तरी कशाला राहू’ असं बोलणं ऐकलं, तर सहा महिने थांबायचं नाही. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लगेच दवाखान्यात न्यायचं तर साताऱ्यात सिव्हिल आहे, सांगली-मिरजेला शासकीय रुग्णालयं आहेत.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि दोन आठवड्यांची झोप, जेवण, वजन यांची नोंद एका कागदावर. नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता जाणवू शकते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. नेमकी आठव्या-दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद केली जाते. अस्वस्थता फार वाढली किंवा जिवाचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही गोळी साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात. थांबवायची झाली तर डोस हळूहळू कमी करत, तोही त्यांच्याच सांगण्यावरून.