पाठीवर नाव नसलेले रोबो

मागच्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी मटण स्ट्रीटवर होतो. चोर बाजारातली पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण उजाडायच्या आधी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि बॅटरीच्या उजेडात माल बघावा लागतो. गोणपाटावर मिक्सरची भांडी, तुटके रिमोट, चष्म्याच्या काड्या, आणि त्या सगळ्यात पालथा पडलेला खेळण्यातला एक काळा-चंदेरी रोबो. मी रोबोचं तोंड कधीच आधी बघत नाही, वजन बघतो. तळहातावर दोनदा झेलला की झिंक, म्हणजे जस्त, आहे की नुसतं चकचकीत प्लास्टिक, ते कळतं. हा जड होता. मग पाठ बघितली. मूळ खेळण्यावर जिथे कंपनीचं नाव असतं, तिथे ह्याच्या पाठीवर गुळगुळीत चौकोन.

"चाचा, कितने का?"

"पाँचसौ. जापानी है."

जपानी नव्हता, म्हणूनच मला हवा होता. साडेतीनशेला दिला. डावी मूठ नव्हती, तेवढीच सूट.

मी डाय-मेकर आहे. आयटीआय करून साकीनाक्याच्या एका गाळ्यात लागलो तेव्हापासून साचेच बनवतोय. नळाच्या तोट्यांचे, कुलपांचे, कपाटाच्या हँडलचे. जुन्या डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेल्या, रोबोंच्या नकला गोळा करायला लागून मला पंधरा वर्षं झाली. घरी आज ७३ नग आहेत. लोक विचारतात, घ्यायचाच तर ओरिजिनल का नाही घेत? ओरिजिनल कोणी केला हे जगाला माहीत आहे. नक्कल कोणी केली हे कोणालाच माहीत नाही, आणि तो जो कोणी होता तो माझ्या धंद्यातला होता.

ओरिजिनलचं थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये जपानी टीव्हीवर गो नागाई यांचा 'माझिंगर झी' आला. त्या गोष्टीत रोबो ज्या धातूचा बनलेला असतो त्याचं नाव चोगोकिन, म्हणजे महामिश्रधातू. बांदाईची उपकंपनी पॉपी हिनं तेच नाव उचललं आणि १९७४ मध्ये खरोखरच धातूचा, हातात जड लागणारा माझिंगर बाजारात आणला. स्प्रिंगवर उडणाऱ्या मुठी हे त्याचं मोठं आकर्षण. काट्सुशी मुराकामी हे पॉपीचे डिझायनर, त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पुढे १९८२ मध्ये बांदाईनं मशीन रोबो काढले, गाडीचा किंवा विमानाचा रोबो होणारे, ६०० येनवाले. तेच अमेरिकेत टोंका कंपनीनं गोबॉट्स म्हणून विकले. हाँगकाँग, तैवान, कोरिया इथल्या छोट्या कारखान्यांनी ह्या सगळ्यांच्या नकला काढल्या. परवानगी कोणाचीच नव्हती. मुराकामींच्या कष्टावरची ती चोरी होती हे मी मान्य करतो, त्यात पळवाट काढत नाही. पण साचा मात्र कोणीतरी स्वतःच्या हातानं बनवला होता.

आमच्याकडे लालबागच्या चाळीत असलं काही यायचं ते दुबईच्या बॅगेतून. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्यामुळे खेळण्याचा विषय घरात निघतच नसे. शेजारच्या काकांनी त्यांच्या बंड्यासाठी दुबईहून रोबो आणला आणि सगळी चाळ बघायला गेली. काकूंनी मला तो एकदाच हातात धरू दिला. थंड होता. इतक्या छोट्या वस्तूला इतकं वजन असू शकतं हे मला नवीन होतं. मी खटका दाबला, मूठ उडाली आणि ट्रंकेमागे गेली. ती शोधताना काकूंनी केर काढायची झाडू, भाकरीचं उलथणं, सगळं वापरलं. तोही नकलीच होता. पायाच्या तळव्यावर इंग्रजीत 'मेड इन तैवान' होतं, ती अक्षरं मी घरी येऊन वहीत काढली होती.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला मी हे लिहायला बसलो. नक्कल म्हणजे बघून तसंच करणं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मला कोणी ओरिजिनल रोबो देऊन 'असाच कर, निम्म्या खर्चात' असं सांगितलं, तर आधी मी तो पूर्ण खोलीन. एकेका भागाचा रेझिनमध्ये ठसा घेईन. त्यावरून पँटोग्राफवर किंवा कॉपी मिलिंगवर, म्हणजे ठशावर काटा फिरवत तोच आकार कापणाऱ्या मशीनवर, पोलादात खोबण कोरीन, कोपरे तांब्याच्या इलेक्ट्रोडनं स्पार्क मशीनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवून, काढीन. झिंक गोठताना अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त आक्रसतं. तेवढा वाढावा मी दिला नाही तर माझा नग मुळापेक्षा लहान निघणार. माझ्याकडे एकाच रोबोच्या तीन नकला आहेत. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला तर खांद्यापासून खांद्यापर्यंत प्रत्येक जण आधीच्यापेक्षा बारीक. म्हणजे नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी एक. छातीवरच्या रेघा पहिल्यात नखाला लागतात, तिसऱ्यात फक्त तिरप्या उजेडात दिसतात.

पण कारागीर खरा दिसतो तो खांद्यात. मूळ रोबोच्या दंडात आडवं आरपार भोक आहे. ते ओतकामातच काढायचं तर साच्यात बाजूनं सरकणारा कोअर, म्हणजे भोकाची जागा अडवणारा दांडा, लागतो, आणि सरकता कोअर म्हणजे पैसा, वेळ, मशीनवर कटकट. परवाच्या रोबोत त्या माणसानं दंडच उभा चिरून दोन अर्धे केले आहेत. प्रत्येक अर्ध्यात निम्मं भोक, सरळ उघडणाऱ्या साच्यातून निघेल असं, आणि दोन्ही अर्धे एका पिनेवर रिव्हेट केलेले. जोड कुठे लपवला? दंडावरच्या पट्ट्याच्या कडेला, रंग बदलतो तिथेच. मी भिंग लावूनही पहिल्यांदा चुकलो. ज्याला हे सुचलं त्याला मालकानं जास्तीचा रुपया दिला नसणार. मला मात्र तो जोड सापडला तेव्हा भरून आलं.

काही नकलांना धड एकाचं आणि डोकं भलत्याचंच असतं. ओरिजिनल जमवणारे त्याला हसतात. साच्यात डोक्याची खोबण वेगळ्या इन्सर्टमध्ये, म्हणजे साच्यात बसवलेल्या सुट्या तुकड्यात, असते, चार स्क्रू काढले की बदलता येते. धड तेच ठेवून तीन डोकी केली की दुकानात तीन वेगळे रोबो. ह्यात हसण्यासारखं काय आहे? ही साच्याची जाण आहे.

मुंबईत हा नाद करणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्वस्त माल ओतताना भट्टीत काय काय वितळवलं असेल सांगता येत नाही, आणि झिंकमध्ये शिशाचा अगदी किंचित अंश जरी जास्त गेला तरी धातू आतून सडतो. आधी केसासारख्या भेगा, मग भाग फुगतो, मग सांधा अडकतो. दमट हवेत हे लवकर होतं आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. माझा एक लाल विमान-रोबो असाच गेला. २०१९ च्या गणपतीत साफसफाई करताना उचलला तर पाय हातात आला, बिस्किटासारखा तुटून. त्यावर उपाय नाही. आता प्रत्येक नग वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो, आणि भेग दिसली की त्यावर पेन्सिलीनं तारखेची चिठ्ठी. घरच्यांनी खाटेखालची सगळी जागा मला दिली आहे, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तर परवाच्या रोबोची डावी मूठ. उजवी काढून मोजली: लांबी १८ मिलिमीटर, मागची दांडी ५, स्प्रिंगच्या खाचेचं अंतर व्यवस्थित. बोटांच्या चार रेघा सारख्या नाहीत, तिसरी किंचित वाकडी गेली आहे. टूल घसरलं असणार, किंवा संध्याकाळ झाली असेल आणि डोळे थकले असतील. एका मुठीसाठी साचा करणं परवडत नाही, म्हणून रविवारी गाळ्यावर जाऊन पितळेच्या तुकड्यातून कोरली. उजवीची डावी करायची म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं. वाकडी रेघ सरळ करावी की तशीच ठेवावी, ह्यावर चहा होईपर्यंत थांबलो. तशीच वाकडी कोरली.

बसवली, खटका दाबला. मूठ उडून थेट शिकाऊ पोराच्या डब्यावर आदळली आणि पोरगं दचकलं. मग त्यानंच उचलून पुन्हा बसवली आणि पुन्हा उडवली.

प्लेटिंगवाला ओळखीचा आहे, पन्नास रुपयांत चकाचक चंदेरी करून देईल. पण ती मी पिवळीच ठेवली आहे. पुढे कधी हा रोबो कोणाच्या हाती गेला, तर नक्कल करणाऱ्या त्या अनोळखी कारागिराचं काम कोणतं आणि माझं कोणतं हे त्याला उजेडात धरल्याबरोबर कळेल.