रंग उतरवताना

जत्रेच्या रात्री नाटक झालं नाही तर आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवालाही चुकल्यासारखं होत असावं. पालखी देवळात परतली की पडदा वर. मी पाच वर्षं त्या पडद्यामागे आहे. आधी पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग, मग भालदार, आणि मागच्या मोसमात पहिल्यांदाच राजपुत्र. राजपुत्र म्हणजे तोंडावर जाड रंग. आमचे मेकअपवाले काका जुन्या वळणाचे. आधी खोबरेलाचा हात, त्यावर सफेदा-पिवडी, वर पावडर. पहाटे प्रयोग संपला की पुन्हा ओंजळभर खोबरेल घ्यायचं, तोंड खसाखसा चोळायचं आणि धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायचं. मग जे पांघरूण मिळेल त्यात झोपायचं. तोंड धुवायला शुद्ध कुणाला असते?

डिसेंबर ते फेब्रुवारी चार प्रयोग झाले, रंगीत तालमी वेगळ्या. तिसऱ्या प्रयोगापर्यंत माझ्या कपाळावर आणि जबड्याच्या कडेने पुळ्यांची रांग उभी होती. वय तेवीस. कॉलेजात असताना नाकावर एखादी पुळी यायची आणि जायची, तेवढंच. आता दुखऱ्या, आत गाठ असलेल्या, हात लावला की ठणकणाऱ्या. शेजारची मावशी कुंपणापलीकडूनच ओरडली, "कितें रे हें तोंडाचें?" मला सांगण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे मात्र उपाय होता. उपाय गावात सगळ्यांकडेच असतो.

मावशीचा उपाय लिंबाचा. रस काढायचा, कापसाने लावायचा, सुकू द्यायचा. मी सकाळी लावला, वरवर धुतला आणि स्कूटरवर बसून पणजीला ऑफिसला निघालो. फोंड्याहून तीसेक किलोमीटर, मार्चचं ऊन, हेल्मेटची काच वर. संध्याकाळी दोन्ही गालांवर चटके बसल्यासारखं झालं होतं आणि आठवड्याभरात तिथे तपकिरी पट्टे उमटले. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण पाचाच्या आसपास. लिंबू त्याच्याही कितीतरी खाली, दोनच्या घरात. शिवाय लिंबाच्या रसातले काही घटक उन्हाशी गाठ पडली की कातडी भाजल्यासारखी करतात. हे सगळं मला नंतर कळलं. तोवर मी टूथपेस्ट लावूनही बघितली होती. पुदिन्याचा गारवा दहा मिनिटं, सोललेली कातडी चार दिवस.

आजीचा उपाय जास्त सभ्य होता. तिने सहाण काढली, दुधात जायफळ उगाळलं आणि स्वतःच्या अनामिकेने एकेका पुळीवर टेकवलं. वास इतका छान की पुळ्या गेल्या नाहीत तरी चालेल असं वाटायचं. पहिले तीन दिवस बरंही वाटलं. पण मला धीर कुठला! मीच मग सकाळ-संध्याकाळ उगाळायला लागलो, आणि टेकवायचं सोडून चोळायला लागलो. जायफळाचे बारीक कण खरखरीत असतात, त्याचं तेलही झोंबतं. पुळ्यांवर पोलिश पेपर फिरवल्यासारखं झालं. यात आजीची चूक नाही, चोळणारा हात माझा होता.

आणि मग मित्राची ट्यूब.

त्याच्या बहिणीने वापरली होती, "आठ दिवसांत तोंड काचेसारखं" अशी खात्री. एका फार्मसीत चिठ्ठी न विचारता मिळाली. खरंच आठ दिवसांत पुळ्या बसल्या, रंग उजळला, ऑफिसातल्या लोकांनी विचारलं काय लावतोस. मी दीड महिना लावली. संपल्यावर दुसरी आणायला आळस केला आणि चौथ्या दिवशी तोंड पेटलं. लाल, गरम, घाम आला तरी झोंबणारं, आणि पूर्वीच्या दुप्पट पुळ्या. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. अशी मलमं लोक गोरेपणासाठी आणि पुळ्यांसाठी सर्रास फासतात म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. नियम आहे. मला कुणी चिठ्ठी विचारली नाही आणि मीही पाकिटावरची लाल रेघ वाचली नाही.

मेच्या सुरुवातीला आई म्हणाली, "आता पुरे झाले प्रयोग. बांबोळीला जाऊन ये." तिथल्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोगाच्या ओपीडीत सकाळी केसपेपर काढला आणि दुपारी नंबर लागला. डॉक्टरबाईंनी तोंड पाहण्याआधी हातात कागद दिला: "सहा महिन्यांत तोंडाला जे जे लावलंय ते लिही." मी अकरा गोष्टी लिहिल्या. बारावी, म्हणजे खोबरेल, लिहिलीच नाही, कारण ते 'लावणं' असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. केसांना, अंगाला, रंगाला, ओठांना खोबरेल. आम्ही त्यातच वाढलो. त्यांनी नाटकाबद्दल खोदून विचारलं तेव्हा ते बाहेर आलं.

मला समजलं ते असं. केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते, वयात आल्यावर संप्रेरकांमुळे ती जोरात चालते. वरच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसलं की तेल आत तुंबतं. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जीवाणू तिथे फोफावतो आणि सूज येते. खोबरेल चेहऱ्यावर बऱ्याच जणांना ते बूच घट्ट करायला मदत करतं. माझं तर रंगासकट चोळून आत बसवलेलं. हेल्मेटच्या पट्ट्याचं घर्षण आणि घाम जबड्यावर होताच. म्हणजे पुळ्या 'पोट साफ नाही' किंवा 'रक्त खराब' म्हणून आल्या नव्हत्या, आणि तोंड घाण ठेवलं म्हणूनही नाही. उलट दिवसातून सहा वेळा अंगाच्या साबणाने धुऊन मी कातडीचं संरक्षणच काढून टाकत होतो. त्या साबणाचा पीएच नऊ-दहा.

पहिले चार आठवडे त्यांनी जवळजवळ काहीच करू दिलं नाही. गोळ्यांचा एक कोर्स, सकाळ-संध्याकाळ फेस न होणारा सौम्य फेसवॉश, त्यावर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन. बस. तेलकट तोंडाला मॉइश्चरायझर हे मला भातावर पेज ओतल्यासारखं वाटलं. पण कोरडी पडलेली कातडी जास्त चिडते आणि पुढचं औषधही सोसत नाही. हे चार आठवडे सगळ्यात कठीण गेले. स्टिरॉइड सुटल्यावर तोंड रोज थोडं जळायचं आणि लावायला हातात काही नाही. थंड पाण्यात भिजवलेलं मऊ मलमलचं फडकं, तेवढाच आधार.

मी विचारलं, "घरचं काही चालेल का?" मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "चालेल, पण एका वेळी एकच, आणि आधी कानामागे दोन दिवस लावून बघ." मी एक वही केली. दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत उभं राहून एक फोटो, आणि खाली दोन ओळी. आजी त्याला 'तोंडाची जमाखर्च वही' म्हणायची.

त्या वहीतून टिकलेल्या गोष्टी थोड्या. पहिली कोरफड. परसात कुंडीत होतीच, पण आम्ही पान तोडून तोच चिकट तुकडा तोंडावर घासायचो. सालीखाली पिवळा कडू चीक असतो, तो झोंबतो. पान कापून वाटीत उभं करायचं, वीसेक मिनिटं चीक निथळू द्यायचा, पाण्याने धुऊन मग साल काढायची आणि आतला काचेसारखा गर घ्यायचा. त्याने पुळ्या जात नाहीत, हे स्पष्ट लिहितो. जळजळ मात्र खरंच शमते. दुसरी गोष्ट दुखऱ्या गाठीवर कोमट पाण्याचं फडकं, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. याने गाठ फोडायचा मोह आवरतो, आणि माझ्या बाबतीत निम्मे डाग त्या मोहाचेच होते. तिसरी मुलतानी माती, आठवड्यातून एकदा, नुसत्या पाण्यात कालवून. पण ती सुकून भेगा पडेपर्यंत ठेवायची नाही, ओलसर असतानाच धुवायची.

हळदीत सूज कमी करणारे गुण आहेत, पण ती लावून मी दोन दिवस ऑफिसात हळदीतल्या नवरदेवासारखा बसलो आणि पुळी होती तिथेच होती. मधाने ना फायदा ना तोटा, उशीवर मुंग्या मात्र आल्या. टी ट्री तेलाबद्दल बरंच ऐकलं होतं. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर त्याच्या पाच टक्क्यांच्या जेलची तुलना बेंझॉइल पेरॉक्साइड या पुळ्यांवरच्या नेहमीच्या औषधाशी केली होती. दोन्हींनी पुळ्या कमी झाल्या, टी ट्रीला वेळ जास्त लागला आणि त्रास कमी झाला. पण ते पाच टक्के होतं. बाटलीतलं तेल थेट लावलं तर काय होतं ते माझ्या कानामागे दोन दिवस दिसत होतं. चेहऱ्यापर्यंत ते गेलंच नाही.

जूनपासून रात्रीचं ॲडापलीन नावाचं पुळ्यांवरचं जेल सुरू झालं. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आधी एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात पुळ्या वाढल्या. वही नसती तर मी तिथेच सोडून दिलं असतं, पण आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला वाढतील आणि खरा फरक बारा आठवड्यांनी पाहायचा. बारा आठवडे! आपण उपायाला पाच दिवस देतो आणि बदलतो.

खाण्याचं थोडं सांगतो. कुणी म्हणालं मासे बंद कर. गोव्यात हे सांगणारा माणूस आपला नव्हे. मासे काही बंद केले नाहीत. माझा खरा घोळ दुसरीकडे होता. सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, दोन पाव आणि चहा, अकराला भाजी-पाव आणि चहा, चारला बन आणि चहा, प्रत्येक चहात दोन चमचे साखर. रक्तातली साखर भराभर वाढवणारं खाणं कमी केल्यावर पुळ्या कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलंय. मी पावाऐवजी कोंड्याची पोई घ्यायला लागलो आणि दोन चहा तोडले. त्याने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही, कारण त्याच वेळी जेल चालू होतं. पॅन्ट सैल झाली एवढं नक्की.

पावसाळ्यात नवीनच भानगड. जुलैत कपाळावर एकसारखे बारीक पुरळ, सगळे एकाच मापाचे, आणि खाज. पुळ्या खाजत नव्हत्या, हे खाजत होतं. मी मनात म्हटलं, झालं, बारा आठवडे पाण्यात. पण हे वेगळं निघालं. घामट, दमट हवेत त्वचेवरचं यीस्ट वाढतं, त्याला पुळ्यांचं औषध लागूच पडत नाही. बुरशीविरोधी शाम्पूचा फेस कपाळावर पाच मिनिटं ठेवून धुवायचा, तीन आठवड्यांत गेलं. आणि पावसात भिजलेलं, न सुकलेलं हेल्मेट तसंच घालणं सोडलं. आतलं अस्तर निघतं, धुता येतं, हे मला चार वर्षं हेल्मेट घालून माहीत नव्हतं. पहिल्यांदा धुतलं तेव्हा पाणी कुळागरातल्या पाटासारखं गढूळ झालं.

चवथीला सगळे नातेवाईक घरी. आत्याने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बारीक झालास." पुळ्यांबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशीच्या वहीत मी फक्त 'आत्या' असं लिहिलंय.

दिवाळीला पहाटे कारीट फोडून अभ्यंग झालं, पण उटणं मी गळ्याखालीच लावलं. आजीचा चेहरा पडला. मग तिलाच म्हटलं पाठ घासून दे, तेव्हा खूश.

नोव्हेंबरात तालमी सुरू झाल्या. मेकअपवाल्या काकांसमोर माझा स्पंज, माझं पॅनकेक आणि बिनतेलाचा बेस काढून ठेवताना मला घाम फुटला होता. तीस वर्षं गावाचे देव-दानव रंगवणारा माणूस. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, "खोबरेल बाधतं म्हणे" एवढंच पुटपुटले आणि कामाला लागले. प्रयोगानंतर मी नळावर जाऊन रंग आधी मेकअप रिमूव्हरने आणि मग फेसवॉशने उतरवतो. पहाटे चार वाजता, दात वाजत. बाकीचे हसतात. यंदाच्या दोघा नवीन पोरांनी मात्र गुपचूप माझी बाटली वापरायला सुरुवात केली आहे. एका मोसमाची बाटली दोन प्रयोगांत संपते.

नव्या पुळ्या आता महिन्यात एखाद-दोन येतात. जेल आठवड्यातून तीन रात्री चालू आहे. डाव्या गालावर दोन खड्डे आणि लिंबाच्या पट्ट्याची फिकट सावली राहिली आहे. पट्टा जाईल, खड्डे बहुतेक नाही जाणार. यंदा मला राजपुत्र दिला नाही, दरोडेखोर दिला. पहिल्या रंगीत तालमीला काकांनी माझा गाल बोटाने चाचपला, ते दोन खड्डे पाहिले, आणि शेजारी काजळाने आणखी तीन काढले.