माले येस

व्हॉट्सॲपच्या स्टिकरवर तारीख नसते, बनवणाऱ्याचं नाव नसतं. मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी ज्यानं तो फेव्हरिटमध्ये टाकून ठेवलाय त्याच्याकडे तो राहतोच. फेक अकाउंट निदान बंद पाडता येतं. म्हणून मुलांच्या ऑनलाइन छळाच्या प्रकरणांत समुपदेशक म्हणून मला फेक अकाउंटपेक्षा स्टिकरची धास्ती जास्त वाटते.

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या शाळेतलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नववीतला मुलगा, खेड्यातून एसटीच्या पासवर ये-जा करणारा. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला सरांनी प्रश्न विचारला, यानं हात वर केला आणि घरी बोलतो तसं अहिराणीत बोलून गेला, "सर, माले येस." म्हणजे, मला येतं. वर्ग हसला. सरही हसले. शाळेत फोन आणायला बंदी आहे, पण दप्तरात फोन असतो हे शिपाईमामांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढा तुकडा कुणीतरी टिपला. रात्री तो वर्गातल्या मुलांच्या, शिक्षक नसलेल्या ग्रुपवर आला. मग त्याच्या चेहऱ्याचा स्टिकर झाला, खाली जाड अक्षरांत ते दोन शब्द. मग तोच आवाज घेऊन इन्स्टावर रील. दुसऱ्या शाळेच्या मुलांनीही त्याच आवाजावर तोंडं हलवली. एसटी थांब्यावर, मधल्या सुट्टीत, नळावर, तो दिसला की कुणीतरी "माले येस!" म्हणून ओरडायचं.

माझ्याकडे मात्र तो पोटदुखीचा म्हणून आला. "सोमवार व्हयना का पोट दुखस त्यानं," आई म्हणाली, म्हणजे सोमवार आला की पोट दुखतं त्याचं. गावातल्या डॉक्टरनी ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. हजेरीपट मागवला तर गैरहजेरी सोमवारी आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी. दुखणं ठरावीक वारी येत असेल, तर गोळीच्या आधी वेळापत्रक बघावं. घरी तो फोन उलटा घालून ठेवत होता, जेवताना मेसेजचा आवाज आला की घास तोंडातच थांबायचा. हे आईनं टिपलं होतं, वर्गशिक्षकांनी नव्हतं.

अशा मुलाला पहिल्या भेटीत "कोणी केलं?" असं मी विचारत नाही. नाव सांगितलं की आपण चुगलखोर ठरू, याची भीती त्याला छळाइतकीच असते. दुसरी भीती फोन काढून घेतील याची, आणि ती खरी ठरते. बहुतेक घरांत पहिला उपाय तोच होतो. मुलाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की सांगितलं म्हणून शिक्षा झाली. पुढच्या वेळी तो सांगत नाही. म्हणून आईवडिलांकडून सगळ्यात आधी मी एकच कबूल करून घेतलं: फोन त्याच्याकडेच राहील, रात्री नऊनंतर चार्जिंगला बाहेरच्या खोलीत. आणि हा नियम घरातल्या सगळ्यांच्या फोनला, वडिलांच्यासुद्धा.

त्याच भेटीत झोप, भूक, अभ्यास विचारल्यावर सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" पालकांना आणि काही शिक्षकांनाही वाटतं, असं विचारलं की मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल बोलतं. तो म्हणाला, येतं कधी कधी, पण काही ठरवलेलं नाही. ठरवलेलं नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं. कपाशीच्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला: फवारणीचं औषध कुठे ठेवता? ओसरीत, पंपाजवळ. हे उत्तर मला खानदेशात इतक्यांदा मिळालंय की कृषी सहायकांनी आणि आमच्यासारख्यांनी एकत्र बसून यावर काही करायला हवं, पण त्यांचं खातं वेगळं, आमचं वेगळं. वडिलांनी त्याच संध्याकाळी डबे शेतातल्या कोठीत नेऊन कुलूप घातलं, किल्ली काकाकडे दिली. घरी सांगितलं, बारीक लक्ष ठेवा, एकटा सोडू नका, पण पहारा बसलाय असं त्याला वाटू देऊ नका. मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेली मानसचा 14416 आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098, हे दोन नंबर त्याच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं स्वतः लिहिले. फोनमध्ये सेव्ह केले नाहीत, कारण फोन मित्रही बघतात.

मग पुरावा. इथे सगळेच घाई करतात. मूल रागाच्या भरात ग्रुप सोडतं आणि चॅटही उडवतं. पालक समोरच्याला ब्लॉक करतात. शिक्षक फोन हातात घेऊन "आत्ताच्या आत्ता डिलीट कर" म्हणतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच जातं. आधी जपायचं, मग तक्रार, मग ब्लॉक. नुसता स्टिकरचा स्क्रीनशॉट निरुपयोगी. चॅट वर सरकवून तारखेची पट्टी, पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ आणि स्टिकर एकत्र दिसेल असा घ्यायचा. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या फोननं या फोनच्या स्क्रीनचा सलग व्हिडिओ: ग्रुपचं नाव, सदस्यांची यादी, ॲडमिन कोण, मग हळूहळू चॅट. 'एक्स्पोर्ट चॅट' केलं की तारीख, वेळ, नंबर किंवा सेव्ह केलेलं नाव असलेली फाइल मिळते, तीही ठेवायची. रीलच्या बाबतीत लिंक कॉपी करून ठेवायची, कारण खात्याचं नाव मुलं दिवसात दोनदा बदलतात, रीलची लिंक तीच राहते. प्रोफाइलवर 'या खात्याविषयी' उघडलं की खातं कधी उघडलं ते दिसतं, त्याचाही फोटो. बाकी वहीत: कधी, कुठे, काय म्हटलं, कोण होतं. हे सगळं एका पेनड्राइव्हमध्ये, मुख्याध्यापकांच्या कपाटात. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही. हे मी दोनदा सांगितलं, त्याचं कारण पुढे येईल.

एक अपवाद मात्र ठळक सांगते. फोटो नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल, खरा असो की ॲपनं बनवलेला, तर वरचं काहीच करायचं नाही. स्क्रीनशॉट नाही, पुढे पाठवणं नाही, 'पुरावा म्हणून' स्वतःच्या फोनमध्ये ठेवणं तर नाहीच. 2024 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी सामग्री जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरू शकतो, असा निकाल दिला आहे. लिंक आणि खात्याचं नाव कागदावर लिहून थेट पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 खाली कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे त्यात बसत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती फोटोचा ठसा फोनमध्येच काढते, फोटो कुठे अपलोड होत नाही, आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात.

इथे तसं काही नव्हतं, आणि गोची तीच. आवाज त्याचा, वाक्य त्याचं, शिवी एकही नाही. रील 'छळ' या सदराखाली रिपोर्ट केली, उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही. ते तपासणाऱ्या यंत्राला आमच्या एसटी थांब्यावर काय चाललंय हे कुठून दिसणार? प्रत्येक रील वेगळी रिपोर्ट करावी लागली. वडिलांनी पालक म्हणून आणि मुलानं स्वतःच्या खात्यावरून पुन्हा केल्यावर काही उतरल्या, काही अजून आहेत. रिपोर्ट करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो बटण दाबतच नाही. खातं प्रायव्हेट केलं, टॅग आणि मेन्शन बंद केले. लपवायच्या शब्दांच्या यादीत ते दोन शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये जितक्या तऱ्हांनी लिहिता येतील तितक्या टाकले. वर्गातल्या तिघांना ब्लॉक न करता 'रिस्ट्रिक्ट' केलं. त्यांची कमेंट त्यांनाच दिसत राहते, बाकी कुणाला नाही, आणि त्यांना कळतही नाही. ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी वर्गात "घाबरला रे" सुरू होतं. व्हॉट्सॲपवर कुणीही उचलून ग्रुपात टाकू नये म्हणून ग्रुपची सेटिंग फक्त ओळखीच्यांपुरती.

वडिलांचं म्हणणं एकच होतं, "त्या पोऱ्यानं नाव सांगा फक्त," म्हणजे त्या पोराचं नाव. मुख्याध्यापकांना पोलिसांत देऊन हात झटकायचे होते. दोघांनाही सांगितलं, की ऑनलाइन चिडवण्यासाठी म्हणून आपल्याकडे वेगळा कायदा नाही. आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजसाठीचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66 अ कलम 2015 मध्येच रद्द झालं. दुसऱ्याच्या नावानं खातं, खासगी फोटो, पाठलाग, धमकी असं काही असेल तर कलमं आहेत. आणि करणारा अल्पवयीन असला, गुन्हा किरकोळ असला, तर बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे एफआयआर होतच नाही. म्हणजे हे वर्गातच सोडवायला हवं होतं.

स्टिकर बनवणारा मुलगा सापडायला वेळ लागला नाही. तोही खेड्यातला, घरी तीच अहिराणी. पाचवीत आल्यावर त्यालाही हेच ऐकावं लागलं होतं. शाळेचा आवडता उपाय म्हणजे दोघांना ऑफिसात उभं करायचं, हात मिळवायला लावायचे, परिपाठाला माईकवर माफी. मी दोन्हीला नकार दिला. माईकवरची माफी म्हणजे ज्या दहा जणांनी तो स्टिकर पाहिला नव्हता त्यांनाही दाखवणं. त्याच्याशी वेगळं बोलले. शिक्षा म्हणून नाही, काम म्हणून एक ठरलं: आपल्या फोनमधून काढायचं, आणि ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांच्याकडे स्वतः जाऊन फेव्हरिटमधून काढायला लावायचं. हे माफीपेक्षा जड जातं. काही मुलं त्याला म्हणाली, जा रे, नाही काढत. पसरवलेलं गोळा करताना काय होतं ते त्याला तेव्हा कळलं.

खरा वेळ गेला बाकीच्या वर्गात. सहा-सात जणांचे गट केले, पूर्ण वर्गासमोर हे बोलणं होत नाही. बिननावाची चिठ्ठी दिली: स्टिकर आला तेव्हा तू काय केलंस, हसलास, पुढे पाठवलंस, काही केलं नाहीस, आणि आतून काय वाटलं. चिठ्ठ्या मिसळून वाचल्या तर बहुतेकांनी लिहिलं होतं, वाईट वाटलं, पण बाकीच्यांना मजा येत होती. प्रत्येकाचे 'बाकीचे' म्हणजे तोच वर्ग. हे ऐकताना मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ठरवलं ते अगदी साधं. ग्रुपवर भांडायचं नाही, त्यानं आग वाढते. पुढे पाठवायचं नाही. जमलं तर त्याला एकट्याला मेसेज करायचा, नाहीतर एसटीत शेजारी बसायचं. दोन मुलींनी दुसऱ्याच दिवशी केलं.

आता शिक्षकांचा ग्रुप. मुख्याध्यापकांनी शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मांचं काम कोण घेईल असं विचारलं होतं, आणि एका शिक्षकानं उत्तर म्हणून तोच स्टिकर टाकला होता. त्यावर पाच-सहा हसरे चेहरे. मुलांच्या फोनमधून तो तिथवर कसा पोचला याची चौकशी कुणी केली नाही. मी विषय काढला तर "मॅडम, गंमत होती" असं उत्तर मिळालं. याच शाळेच्या व्हरांड्यात बहिणाबाईंचा फोटो आहे, त्याला हार आहे. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. खानदेशी बोली फोटोत चालते, बाकावर चालत नाही. तो स्टिकर ज्या मुलानं बनवला त्यानं तो वर्गातल्या हसण्यावरून बनवला, आणि त्या हसण्यात पहिला मोठा माणूस कोण होता हे वर्गाला माहीत आहे.

मुलाबरोबर उत्तराची तालीम केली. कुणी ओरडलं तर पळायचं नाही, समजावायचं नाही, एक सपाट वाक्य बोलून चालत राहायचं. मी दोन-तीन वाक्यं सुचवली, ती त्याला पुस्तकी वाटली. त्यानं स्वतःचं काढलं: "येस ना. तुले येत नई का?" खोलीत छान म्हटलं, हसलासुद्धा. बाहेर अजून म्हटलेलं नाही.

सोमवारची पोटदुखी थांबली आहे. हजेरी भरते. पण वर्गात तो हात वर करत नाही. विचारलं तर आधी थांबतो, मनात वाक्य जुळवतो, मग पुस्तकात असतं तसं बोलतो. विज्ञानाचे सर म्हणाले, "बघा, किती सुधारला." आईनं वेगळं सांगितलं: घरीही तो आता आजीशी 'मला', 'तुला' करून बोलतो, आणि आजीला वाटतं नातू रागावलाय.

मुख्याध्यापकांना रजिस्टरमध्ये 'प्रकरण मिटले' असा शेरा हवा आहे, कारण तपासणीला शिक्षण विस्तार अधिकारी येणार आहेत. मी 'पाठपुरावा सुरू' लिहिलं आहे. पुढच्या चाचणीनंतर विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसून बघू द्या, असंही सरांना विचारलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.